पत्र्याच्या इमारतीचें रंगकाम

पुणें शहराच्या नारायण पेठेंत ‘पत्र्या मारुती’ या नांवाचें एक प्रसिद्ध देऊळ आहे. पुणेकरांनीं आपल्या दैवतांना जीं नांवें दिलीं आहेत, तीं ऐकून परगांवचा मनुष्य प्रथम हंसतो. परंतु त्या नांवाच्या निमित्तानें पत्र्यासारखी सामान्य वस्तु मारुतिरायाच्या पदरीं जाऊन बसली, ही गोष्ट आजच्या विषयाला मोठी सोयीची आहे. मारुतीला तेल आणि शेंदूर वाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. शेंदूर म्हणजे शिशाचें तांबडें भस्म. तें तेलांत कालवून मूर्तीवर त्याचा लेप देतात. आतां नवलाची गोष्ट अशी कीं, लोखंडी पूल, जहाजें, गोदामें आणि पत्र्याच्या इमारती यांना गंजापासून वांचविण्याकरितां पाश्चात्य देशांतील कारागीर शंभरांहून अधिक वर्षें हेंच तांबडें भस्म जवसाच्या तेलांत कालवून पहिला हात म्हणून देत आले. देवाला जो लेप आपण भक्तीनें देतों, तोच लेप लोखंडाला त्यांनीं गरजेनें दिला.

आज बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या लेपाविषयीं. घराला रंग देणें म्हणजे सणासुदीची हौस, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. दगडाविटांच्या घरापुरता तो समज पुष्कळसा खराहि आहे. चुन्याचा हात एखाद्या वर्षीं चुकला, तर भिंत मळकट दिसेल. पण ती उभी राहील. पत्र्याच्या इमारतीची गोष्ट निराळी आहे. दोन पोस्टकार्डें एकावर एक ठेवलीं म्हणजे जेवढी जाडी होते, तेवढीच पुष्कळदां तिच्या भिंतीची जाडी असते. तेवढ्या जाडीच्या आधारावर कोणाचें दुकान चालतें, कोणाचें धान्य सांठविलेलें असतें, कोणाचीं मुलेंबाळें झोंपतात. आणि त्या पत्र्याचें रक्षण करणारा रंग, तीन हात दिले तरी, मनुष्याच्या केसाच्या जाडीहून फारसा जाड होत नाहीं. एवढ्याशा थरावर एवढा भार आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पत्र्याला रंग देणें ही हौस नसून घराचें रक्षण आहे, हें सहज पटेल.

प्रथम या पत्र्याची थोडी ओळख करून घेऊं. १८२९ सालीं लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर नांवाच्या इंजिनियरानें पन्हळी पत्र्याचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति समजण्यास प्रयोगशाळा नको. वहीचा एक कोरा कागद घ्यावा आणि दोन पुस्तकांच्या मध्यें पुलासारखा आडवा ठेवावा. एका पेन्सिलीच्या भारानेंहि तो लवतो. तोच कागद पंख्यासारख्या बारीक घड्या घालून पुन्हां ठेवावा. आतां तो एक सोडून चार पेन्सिली पेलतो. कागद तोच, वजन तेंच. केवळ घडीनें त्याला बळ आलें. लोखंडाच्या पातळ पत्र्याला अशाच घड्या पाडतांच तो स्वतःच्या बळावर लांब अंतर ओलांडूं लागला आणि त्याखालचीं जाडजूड लांकडें कमी झालीं. पुढें १८३७ सालीं स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच गृहस्थानें लोखंडाला वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें, आणि पन्हळी पत्रा जगभर पसरला.

पुण्यास आगगाडी पोंचली १८५८ सालीं. १८६३ सालीं बोरघाटांतील चढाचा मार्ग पुरा झाला आणि मुंबई बंदरांत उतरलेलें लोखंड सरळ देशावर येऊं लागलें. तेव्हांपासून या शहरानें पत्र्याला कांहीं कमी राबविलें नाहीं. खडकीचे कारखाने, स्टेशनावरील छपरें, भवानी पेठेंतील लांकडाच्या वखारी, हडपसर-भोसरीकडील यंत्रशाळा, मंडळांचे मांडव, आणि जुन्या वाड्यांच्या माथ्यावर मागाहून चढविलेल्या खोल्या, या सर्वांत पत्रा आहे. सिमेंटच्या उंच इमारतींनीं शहर भरून गेलें, तरी पत्र्यावांचून पुण्याचें पान हालत नाहीं.

आतां या पत्र्याचा शत्रु कोण, तें पाहूं. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हे तिघे एकत्र आले कीं गंज उत्पन्न होतो. यांपैकीं एकाला दूर ठेवलें तरी गंज चढत नाहीं. कोरड्या हवेंत लोखंड वर्षानुवर्षें टिकतें. पण हवेंतील दमटपणा शेंकडा साठांच्या पलीकडे गेला म्हणजे पाऊस नसतांहि गंजाचें काम सुरू होतें. त्यांत मीठ मिळालें तर विचारावयालाच नको. म्हणून मुंबई-रत्नागिरीचा पत्रा खाऱ्या वाऱ्यानें लवकर खलास होतो आणि पुण्याचा पत्रा त्याहून अधिक वर्षें चालतो. पण पुणेकरांनीं यावर निश्चिंत राहूं नये. पुण्याचा पाऊस वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या एकतृतीयांशाहूनहि कमी, हें खरें. परंतु तो पडण्याची तऱ्हा पाहा. जुलै-ऑगस्टांत दिवसच्या दिवस भुरभुर चालू असते, ऊन दिसत नाहीं, आणि एकदां भिजलेला पत्रा आठ-आठ दिवस सुकत नाहीं. गंजाला पाण्याचे लोट नको असतात. त्याला ओल हवी असते, आणि ती बराच वेळ हवी असते.

गंजाचा दुसरा एक गुण याहून घातक आहे. तांब्यावर जो हिरवा थर चढतो तो खालच्या धातूला बिलगून राहतो आणि एका अर्थानें तिचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाहीं. तो मूळच्या लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, त्याचा भुसभुशीत कोंडा होतो, आणि त्या कोंड्यांतून पाणी व हवा पुन्हां आंत शिरतात. यामुळेंच गंजावर थेट रंग फांसणें हें काम व्यर्थ ठरतें. वरून भिंत गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. आंत मात्र ओल कोंडलेली असते आणि गंज आपलें काम शांतपणें करीत असतो. एक पावसाळा गेला कीं रंगाला फोड येतात, ते फुटतात, आणि बोट लावावें तो पत्र्याला भोंक. ‘वरून कीर्तन, आंतून तमाशा’ ही म्हण अशा रंगकामाला तंतोतंत लागू पडते.

जस्ताचा मुलामा या गंजाला कसा अडवितो, तें समजून घेण्यासारखें आहे. आपल्या घरांतील पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात, ती कथिलाची. तिचा हेतु भांड्याचा धातु अन्नांत उतरूं नये हा. ती केवळ आवरण आहे. एखाद्या ठिकाणीं उडाली कीं तेवढी जागा उघडी पडली. लोखंडावर कथिलाचा मुलामा दिला, जसा तो खाण्याच्या पदार्थांच्या डब्यांना देतात, तर तेथें ओरखडा पडतांच उघडें लोखंड उलट अधिकच वेगानें गंजतें. जस्ताचें तसें नाहीं. जस्त हें लोखंडाआधीं स्वतः झिजतें. पत्र्यावर लहानसा ओरखडा पडला, तरी आजूबाजूचें जस्त तेथील मार स्वतःवर घेतें; घरावर आलेलें संकट थोरल्या भावानें अंगावर घ्यावें, तशांतला हा प्रकार आहे. परंतु थोरला भाऊ तरी किती दिवस पुरणार? वर्षानुवर्षें जस्त झिजत जातें. प्रथम पत्र्याची चकाकी जाऊन तो करडा होतो, मग खिळ्यांच्या भोंवतीं आणि सांध्यांच्या कडेला तांबूस डाग दिसूं लागतात. तो डाग म्हणजे घरधन्याला आलेलें पत्र समजावें. त्याच वर्षीं रंग दिला तर पत्रा वांचतो; ‘पुढल्या वर्षीं पाहूं’ असें म्हटलें, तर पुढल्या वर्षीं रंगाऐवजीं नवा पत्राच आणावा लागतो.

लोखंड आणि रंग यांचा हा संबंध जगांतील मोठमोठ्या बांधकामांनाहि चुकलेला नाहीं. पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ सालीं उभा राहिला. त्याला सुमारें दर ७ वर्षांनीं नवा रंग देण्याची वहिवाट आहे; एका वेळेस सुमारें ६० टन रंग लागतो आणि रंगारी तो हातांतील कुंचल्यानें देतात. मनोरा खालपासून वरपर्यंत एकसारखा दिसावा म्हणून तळाशीं गडद आणि माथ्याकडे फिकट अशा छटा योजतात. स्कॉटलंडांतील फोर्थचा रेल्वेपूल १८९० सालीं खुला झाला. त्याचें रंगकाम एका टोंकाला पुरें होईतों दुसऱ्या टोंकाला पुन्हां सुरू करावें लागतें, अशी समजूत पडून इंग्रजींत न संपणाऱ्या कामाला त्याचीच उपमा देऊं लागले. तेथें जुना रंग पार खरवडून, कांचेच्या सूक्ष्म कपच्या मिसळलेला नवा टणक रंग देण्याचें मोठें काम २०११ सालीं पुरें झालें, आणि तो निदान २५ वर्षें टिकेल असा अंदाज करण्यांत आला. न संपणारें काम संपविलें तें रंगाच्या जाहिरातीनें नव्हे. जुना थर लोखंडापर्यंत साफ करण्याच्या कष्टानें.

आपल्या देशांतील उदाहरणें अधिक बोलकीं आहेत. कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ सालीं रहदारीस खुला झाला. वादळवाऱ्याला न डगमगणाऱ्या त्या पुलाच्या लोखंडाचे पाय, येणाऱ्याजाणाऱ्यांनीं टाकलेल्या विड्याच्या पिचकाऱ्यांनीं कुरतडले जात असल्याचें २०१० सालच्या सुमारास आढळून आलें, आणि त्या पायांना आवरणें घालावीं लागलीं. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उघड्यावर उभा आहे; पण त्याच्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण अधिक असल्यानें त्यावर आपोआप एक घट्ट संरक्षक थर बसला आहे. बाजारांतील आजचा पत्रा त्या जातीचा नव्हे. लोहस्तंभाचें उदाहरण देऊन आपल्या शेडचा रंग चुकविणें म्हणजे भीमाचा आहार पाहून आपला आहार ठरविण्यासारखें आहे.

आणि मुंबईचें उदाहरण तर घरचेंच. काळ्या घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल म्हणून प्रसिद्ध असलेली इमारत आहे. तिचा लोखंडी सांगाडा रोलँड मेसन ऑर्डिश या इंजिनियरानें आंखला. तो विलायतेंत ओतून जहाजानें आणला आणि १८६० ते ७० या दशकांत येथें जोडून उभा केला. १८९६ सालच्या जुलै महिन्यांत ल्युमिए बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं याच इमारतींत. एवढा मान मिळालेली ही वास्तु पुढें मालक आणि भाडेकरू यांच्या हातीं दुरुस्तीवांचून राहिली, आणि २००५ सालीं तिचा कांहीं भाग कोसळला. कीर्तीनें लोखंड टिकत नाहीं. तें टिकतें निगेनें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पुण्यांत पत्र्याच्या इमारतीला बाहेरून रंग देण्याचा उत्तम काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यांत पत्रा सुकत नाहीं. एप्रिल-मे महिन्यांत तो दुपारीं इतका तापतो कीं कुंचला फिरवितांच रंगावर साय धरते, तो खालीं बिलगत नाहीं आणि त्याला फोड येतात. हिंवाळ्यांतहि एक दक्षता घ्यावी लागते. पहांटे पत्र्यावर दंव पडतें. तें डोळ्यांना दिसलें नाहीं तरी तळहाताला लागतें. म्हणून ऊन वर येऊन पत्रा कोरडा झाल्यावर, म्हणजे नऊ-दहाच्या सुमारास, कामाला हात घालावा आणि सूर्यास्ताच्या पुष्कळ आधीं तो आंवरावा. रंगाऱ्यानें उन्हाचा पाठलाग न करतां सांवलीचा करावा. सकाळीं पश्चिमेची भिंत, दुपारीं पूर्वेची. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून येतो, त्यामुळें सर्वांत अधिक खराब झालेली भिंत बहुधा तीच असते.

कुंचला उचलण्यापूर्वीं चार गोष्टी क्रमानें व्हावयास हव्यात. पहिली, तपासणी. सैल झालेले बोल्ट आंवळावे, कुजलेल्या चकत्या बदलाव्या, आणि जो पत्रा टोंचणीनें भोंकें पडण्याइतका खंगला असेल तो सरळ काढून नवा बसवावा. मेलेल्या पत्र्याला रंग जगवीत नाहीं. दुसरी गोष्ट, धुणें. धूळ, रस्त्यावरची काजळी, पक्ष्यांची विष्ठा आणि शेवाळ हीं सोड्याच्या पाण्यानें घांसून काढावीं आणि मग स्वच्छ पाण्यानें पत्रा धुवावा. आधीं खरवडून मग धुण्याची चाल चुकीची आहे. तसें केल्यानें तेलकट मळ घांसकामाबरोबर पत्र्याच्या अंगांत अधिकच मुरतो. तिसरी गोष्ट, गंज काढणें. पोपडे खरवणीनें, गंज तारेच्या ब्रशानें आणि कडा पॉलिश-कागदानें साफ कराव्या. जेथें जुना रंग घट्ट आहे तेथें तो सगळा काढण्याचें कारण नाहीं. त्याची चकाकी मोडली म्हणजे पुरे. चौथी गोष्ट, अस्तर, ज्याला रंगारी प्रायमर म्हणतात. उघड्या झालेल्या लोखंडावर तें त्याच दिवशीं चढलें पाहिजे. आज साफ करून रात्रभर उघडें ठेवलें, तर दंवानें त्यावर पुन्हां तांबूस झांक येते आणि आदल्या दिवसाची मजुरी वायां जाते.

अस्तरासंबंधीं एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. जस्ताचा मुलामा अद्याप शाबूत असलेल्या नव्या पत्र्यावर साधा तेलरंग थेट देऊं नये. रंगांतील तेल आणि जस्त यांच्या संयोगानें मध्यें साबणासारखा थर उत्पन्न होतो आणि वर्ष-दोन वर्षांत रंग साल सुटावी तसा सुटून येतो. लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात. दोष असतो जोडीचा. अशा पत्र्याकरितां निराळें अस्तर मिळतें, तें मागून घ्यावें. रविवार पेठेंतील बोहरी आळीसारख्या बाजारांत दुकानदाराला ‘लोखंडाचें अस्तर द्या’ एवढेंच न सांगतां, ‘पत्रा जस्ताचा आहे, नवा आहे कीं गंजलेला आहे’ हें सांगावें. वैद्याला रोग सांगितल्यावांचून औषध मागूं नये, तसेंच हें.

अस्तर सुकल्यावर रंगाचे दोन हात द्यावे. त्यांतहि जुने जाणते रंगारी एक युक्ति करतात. द्रवाचा स्वभाव असा कीं, तीक्ष्ण कडेवरून तो मागें सरतो. म्हणून पत्र्याच्या कडा, बोल्टांचीं डोकीं आणि सांधे येथें रंग नेहमींच पातळ बसतो आणि गंज तेथूनच आंत शिरतो. ते रंगारी या जागांना आधीं लहान कुंचल्यानें एक जादा हात देऊन घेतात आणि मग सबंध भिंत धरतात. दुसऱ्या हाताची छटा पहिल्याहून किंचित् निराळी ठेवली, तर कोठें राहिलें तें लगेच डोळ्यांत भरतें.

रंग किती लागेल, याचा हिशेब घरधन्यानें स्वतः करावा. तो पांचवीच्या मुलालाहि येण्यासारखा आहे. समजा, एक शेड ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १२ फूट उंच आहे. चारी भिंतींची लांबी मिळून १०० फूट. तिला उंचीनें गुणिलें तर १२०० चौरस फूट. परंतु पत्रा सपाट नाहीं. घड्यांमुळें त्याचें अंग अधिक भरतें. त्याबद्दल अष्टमांश, म्हणजे १५० चौरस फूट मिळवावे. एकूण १३५० झाले. डब्यावर एका लिटरास १०० चौरस फूट असें लिहिलें असेल, तर एका हाताला साडेतेरा लिटर आणि दोन हातांना २७ लिटर रंग लागेल. आतां कोणी १२ लिटरांत ‘दोन हात’ करून देतों म्हणाला, तर त्यानें रंगांत काय मिसळलें असेल किंवा कोणता हात गाळला असेल, याचा विचार आधींच करतां येतो.

येथें मजुरीचा प्रश्न येतो, आणि या विषयाचें खरें मर्म तेथेंच आहे. पत्र्याच्या रंगकामांत अर्ध्याहून अधिक कष्ट खरवडण्याचे, आणि तेच काम पुरें झाल्यावर दिसत नाहीं. उक्तें काम अगदीं कमी दरानें दिलें म्हणजे रंगारी तरी काय करील? त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. जें दिसत नाहीं तेथेंच तो वेळ वांचविणार. म्हणून शहाणा मालक कामाचे दोन तुकडे करतो. साफसफाई आणि अस्तर रोजंदारीवर. तें स्वतः पाहिल्याशिवाय पुढचें काम सुरू करावयाचें नाहीं. आणि वरचा रंग उक्ता. यांत चार पैसे अधिक जातात. पण गंजावर दिलेल्या रंगाचे सगळेच पैसे जातात.

मजुराचा जीव हा पैशांहून मोठा हिशेब आहे. छपरावर चढणाऱ्यानें बोल्टांच्या रेषेवरच, म्हणजे खालीं आडवें लोखंड किंवा लांकूड आहे तेथेंच पाय ठेवावा, आणि शक्य तों फळी टाकून तीवरून चालावें. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तर फळीवांचून पाऊलच टाकूं नये. तो वरून धड दिसतो आणि क्षणांत फुटतो. कमरेला दोर आणि शिडीला खालीं धरणारा मनुष्य, या दोन गोष्टी मालकानें पुरवाव्या. त्या मागून घेण्याची वेळ मजुरावर आणूं नये. जवळून विजेची तार गेली असेल, तर लोखंडी शिडी त्या बाजूस नेऊं नये.

याहून छुपा धोका आहे शिशाचा. ज्या शेंदराच्या लेपानें लोखंड वांचलें, त्याच शिशानें माणसें आजारी पडलीं. शिसें शरीरांत गेलें कीं तें सांचत राहतें. तें मज्जातंतूंना आणि रक्ताला बाधतें, आणि लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर त्याचा फार वाईट परिणाम होतो. म्हणून जगभर लोखंडाच्या अस्तरांतून शिसें हळूहळू काढून त्याच्या जागीं जस्ताचे क्षार वापरूं लागले. आपल्या केंद्र सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें असें ठरविलें, आणि तो नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलांत आला. परंतु तो नियम घरगुती रंगांपुरता आहे. कारखान्यांसाठीं निघणाऱ्या रंगाचा डबा घराकरितां घेतांना त्यावरचा मजकूर वाचून घ्यावा. आणि नियम नव्या रंगाला लागतो. जुन्या पत्र्यावर चढून बसलेले थर कांहीं नियम वाचीत नाहींत. म्हणून वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा रंग कोरडा घांसूं नये. पाणी मारून, ओला करून खरवडावा. तोंडाला चांगला मुखवटा बांधावा, खालीं जुनें कापड अंथरून पोपडे गोळा करावे, ते चुलींत जाळूं नयेत, आणि काम संपेपर्यंत मुलांना तेथें खेळूं देऊं नये. रंगाऱ्यानें हात धुतल्यावांचून भाकरीला हात लावूं नये. या गोष्टी लहान वाटतात. पण पोपडा गोड लागतो म्हणून तोंडांत घालणारें मूल पुढें वर्गांत मागें पडतें, तेव्हां त्याचें कारण कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

शेवटची गोष्ट रंगाच्या निवडीची. हिरवा, निळा, तपकिरी यांपैकीं कोणता शोभेल, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या आवडीचा. पण छपराचा रंग हा आवडीचा प्रश्न नाहीं. पुण्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या आसपास पोंचतो, आणि पत्र्याच्या खोलींत राहणाऱ्याला त्याची झळ सर्वांत अधिक बसते. गडद रंग ऊन शोषून घेतो. उघडा चकचकीत पत्रा ऊन परतवितो खरा, पण जी उष्णता त्यानें घेतली ती त्याच्यानें सहजासहजीं बाहेर टाकवत नाहीं; म्हणून तोहि तापतोच. पांढरा रंग दोन्ही कामें करतो. ऊन परतवितो आणि उष्णता सोडतोहि. उन्हाच्या लाटांत माणसें दगावूं लागल्यावर अहमदाबाद शहरानें २०१३ सालीं उष्णतेपासून बचावाची योजना आंखली, आणि पुढें गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचें काम तिच्यांत समाविष्ट केलें. पुण्यांतील ज्या शाळा, ज्या यंत्रशाळा आणि ज्या झोंपड्या पत्र्याखालीं आहेत, तेथें हा पांढरा हात देणें ही फार मोठ्या खर्चाची बाब नव्हे. त्या छपराखालीं जो मुलगा अभ्यास करतो आणि जी बाई शिवणयंत्र चालविते, त्यांच्या दृष्टीनें त्या एका हाताची किंमत निराळीच आहे.

श्रोतेहो, सारांश एवढाच. पत्र्यावर तांबूस डाग दिसतांच जागें व्हावें. पावसाळा सरल्यावर, कोरड्या पत्र्यावर, गंज पुरता काढून रंग द्यावा. न दिसणाऱ्या कामाचे दाम आधीं मोजावे आणि दिसणाऱ्या कामाचे नंतर. मजुराच्या जिवाची आणि मुलांच्या आरोग्याची काळजी रंगाच्या हिशेबांतच धरावी. दगडी वाडे बांधणाऱ्यांना पिढ्यांचा विचार करतां आला, कारण दगडाला घाई नव्हती. पत्र्याच्या घरांत राहणाऱ्याला दर पांच-सात वर्षांनीं विचार करावा लागतो, आणि ज्यानें तो वेळेवर केला त्याच्या घराचा पत्रा त्याच्या नातवंडांच्याहि डोक्यावर सांवली धरतो.